हरणाच्या शिकारीसाठी किती पटींची दुर्बीण घ्यावी?

वाचकाचे पत्र

स. न. वि. वि.

मी अनेक वर्षे अमेरिकेत, विस्कॉन्सिन राज्यातील मॅडिसन शहरात राहतो. माझे वय ४८ आहे आणि मला चष्मा आहे. येत्या नोव्हेंबरमध्ये कचेरीतील एका मित्राबरोबर, व्हिरोक्वाजवळ असलेल्या त्याच्या सासऱ्यांच्या शेतावर, प्रथमच हरणाच्या शिकारीला जाणार आहे. शिकारीच्या सुरक्षिततेचा अभ्यासक्रम मी पूर्ण केला असून परवानाही काढत आहे. मित्र दहा पटींची दुर्बीण घ्यायला सांगतो, मुलाच्या मते बारा पटींखाली घेण्यात अर्थ नाही, आणि इंटरनेटवर तर चाळीस डॉलरमध्ये ‘२०–१८०×१००’ असे लिहिलेली झूम दुर्बीण मिळते. माझे अंदाजपत्रक सगळे मिळून तीनशे डॉलरचे आहे. बंदुकीवर दुर्बीण असतेच, मग वेगळी घ्यायची गरज काय, असाही प्रश्न पडतो. वर्षाआड पुण्याला येणे होते, तेव्हा भिगवणला आणि ताडोबालाही हीच दुर्बीण वापरता यावी अशी इच्छा आहे. कृपया मार्गदर्शन करावे.

— मॅडिसनचा एक वाचक

उत्तर

आपले पत्र मिळाले. विचारले आहे शेवटी, पण निर्णयाचा पाया तोच असल्यामुळे बंदुकीवरील दुर्बिणीच्या प्रश्नापासून सुरुवात करतो.

बंदुकीवरची दुर्बीण नेम धरण्यासाठी असते, शोधण्यासाठी नव्हे. ती ज्या दिशेला वळते त्याच दिशेला नळीही वळते. झाडीत काहीतरी हलले म्हणून ते काय आहे हे पाहण्यासाठी बंदूक उचलली आणि तो शेजारच्या शेतातला दुसरा शिकारी निघाला, तर तेवढा वेळ आपण भरलेली बंदूक एका माणसावर रोखून धरलेली असते. आपल्या अभ्यासक्रमात शिकवलेला नियम, की आपले लक्ष्य नक्की काय आहे आणि त्याच्या मागे काय आहे याची खात्री झाल्याशिवाय गोळी झाडायची नाही, तो पाळण्याचे साधन म्हणजे गळ्यातील दुर्बीण. आधी दुर्बिणीने ओळख पटवायची आणि मगच बंदुकीला हात घालायचा, हा क्रम एकदाही मोडू नये. म्हणून तीनशे डॉलर जपून खर्च करायचे असले, तरी हा खर्च टाळण्यासारखा नाही.

आता ओळख पटवायची म्हणजे काय पाहायचे? आपल्या राज्यात नर हरणाच्या परवान्यावर मारता येणाऱ्या हरणाचे निदान एक शिंग किमान तीन इंचांचे असावे लागते, आणि त्याहून आखूड शिंगाच्या किंवा बिनशिंगाच्या हरणासाठी वेगळी परवानगी लागते. म्हणजे पाऊणशे-शंभर यार्डांवर, पानगळ झालेल्या ओक आणि मेपलच्या काटक्यांच्या जाळ्यातून, बोटभर लांबीचे शिंग आहे की कानामागची काटकी आहे, हे आपल्याला ठरवायचे आहे. शिवाय पांढऱ्या शेपटीची ही हरणे मुख्यतः झुंजूमुंजू होताना आणि तिन्हीसांजेला हिंडतात. विस्कॉन्सिनमध्ये सूर्योदयापूर्वी अर्ध्या तासापासून शिकारीची वेळ सुरू होते, आणि त्या अर्ध्या तासात रानात रंग नसतात, केवळ करड्या छटा असतात. आपल्या दुर्बिणीची खरी परीक्षा त्या उजेडात आहे. भर दुपारी चाळीस डॉलरची दुर्बीणही बरी दिसते, आणि दुकानदार ती बहुधा दुपारीच दाखवतो.

दुर्बिणीवर ८×४२ असे लिहिलेले असते, त्यातील पहिला आकडा वस्तू किती पटींनी जवळ दिसते तो, आणि दुसरा आकडा समोरच्या भिंगाचा मिलीमीटरमधील व्यास. दुसऱ्या आकड्याला पहिल्याने भागले की डोळ्याकडच्या बाजूने बाहेर पडणाऱ्या प्रकाशाच्या चकतीचा व्यास मिळतो. माहितीपत्रकात याला एक्झिट प्युपिल म्हणतात. दुर्बीण हातभर लांब धरून उजेडाकडे पाहिल्यास डोळ्याकडच्या भिंगात ही चकती स्पष्ट दिसते. ८×४२ मध्ये ती सव्वापाच मिलीमीटर असते, १०×४२ मध्ये ४.२, आणि मुलाने सुचवलेल्या बारा पटींची १२×५० दुर्बीण घेतली तरी जेमतेम तेवढीच. चाळीस डॉलरच्या झूम दुर्बिणीचे समोरचे भिंग खरोखरच शंभर मिलीमीटरचे आहे असे मानले, तरी १८० पटींवर ही चकती अर्ध्या मिलीमीटरच्या जरा वर भरते. अंधुक उजेडात तेवढ्याशा छिद्रातून काहीही दिसणार नाही, आणि एवढ्या पटींवर हातातली दुर्बीण स्थिर राहणेही अशक्य आहे. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा, अशातला हा प्रकार आहे. त्या दुर्बिणीचा विचार सोडून द्यावा. लाल-तांबूस चमकणाऱ्या भिंगांच्या स्वस्त दुर्बिणींनाही हेच लागू आहे, कारण ते लेप तांबडा प्रकाश बाहेर परतवतात आणि चित्र हिरवट व मंद करतात.

चकती जितकी मोठी तितके बरे, असेही नाही. आपल्या डोळ्याची बाहुली जेवढी उघडते त्यापेक्षा जास्त प्रकाश डोळ्यात शिरूच शकत नाही. तरुण माणसाची बाहुली अंधारात सात मिलीमीटरपर्यंत उघडते, पण वयाबरोबर हे प्रमाण घटत जाते, आणि पन्नाशीच्या उंबरठ्यावर ती बहुधा पाच-सहा मिलीमीटरच्या पुढे जात नाही. जर्मनी-ऑस्ट्रियाकडे रात्री मचाणावर बसणारे शिकारी ८×५६ ची सात मिलीमीटर चकती देणारी, किलोभर वजनाची दुर्बीण वापरतात, पण आपल्या वयाला आणि विस्कॉन्सिनच्या वेळांना तिच्यातला बराच प्रकाश बाहुलीच्या कडेवर वाया जाईल आणि मानेला भार मात्र पूर्ण होईल. ४२ मिलीमीटरचे समोरचे भिंग आणि आठ पट हा मेळ आपल्या डोळ्याला नेमका बसतो.

आपल्या मित्राचा दहा पटींचा सल्ला चुकीचा नाही, पण तो दुसऱ्या भूभागासाठी जास्त योग्य आहे. वायोमिंग किंवा कोलोरॅडोमध्ये समोरच्या उघड्या डोंगरउतारावर मैलभर अंतरावरचे जनावर शोधत तासन् तास बसावे लागते. तिथे दहा पट हवीतच, आणि पुष्कळ जण बारा किंवा पंधरा पटींची दुर्बीण तिकाटण्यावर लावून बसतात. व्हिरोक्वाच्या आसपासचा मुलूख निराळा आहे. हिमयुगातील हिमनद्या या नैर्ऋत्य भागावरून फिरल्या नाहीत, म्हणून उर्वरित राज्यासारखा तो सपाट झाला नाही. अरुंद खोरी, झाडीने भरलेले उतार आणि माथ्यावर मक्याची शेते, अशी तिथली रचना आहे. मचाणावरून दिसणारे हरीण बहुधा शंभर यार्डांच्या आत असते, आणि दिसते तेही काही क्षण. अशा ठिकाणी जनावर जास्त मोठे दिसण्यापेक्षा ते दुर्बिणीत चटकन सापडणे महत्त्वाचे ठरते.

या बाबतीत आठ आणि दहा पटींतील फरक कागदावर वाटतो त्याहून मोठा आहे. एकाच कंपनीच्या एकाच मालिकेतील दोन दुर्बिणी घेतल्या, व्होर्टेक्सच्या डायमंडबॅक एचडी मालिकेतील, तर आठ पटींच्या दुर्बिणीतून हजार यार्डांवर ३९३ फूट रुंदीचा पट्टा, म्हणजेच दृष्टिक्षेत्र, दिसतो आणि दहा पटींच्या दुर्बिणीतून ३३०. ऐंशी यार्डांवर हे अनुक्रमे एकतीस आणि सव्वीस फूट होतात. रुंदीतील हा फरक क्षेत्रफळात मोजला तर आठ पटींची दुर्बीण एका नजरेत जवळपास चाळीस टक्के अधिक रान दाखवते. त्याशिवाय पट वाढली की हाताची थरथरही तितक्याच पटीने वाढते, आणि थंडीत तासभर निश्चल बसल्यावर हात थरथरतातच. तिसरी गोष्ट अशी, की कमी पटींच्या दुर्बिणीत पुढचे-मागचे अधिक अंतर एकाच वेळी स्पष्ट राहते, त्यामुळे पुढच्या काटक्या आणि मागचे हरीण यांच्यामध्ये चित्र स्पष्ट करणारे मधले चाक सारखे फिरवत बसावे लागत नाही. एका बाबतीत मात्र दहा पटींची बाजू मान्य करायला हवी. अंधुक प्रकाशात बारीक तपशील किती दिसेल याचा अंदाज दोन्ही आकड्यांच्या गुणाकाराचे वर्गमूळ काढून करण्याची पद्धत आहे, आणि त्या हिशेबात १०×४२ ला साडेवीस तर ८×४२ ला अठराच्या जरा वर गुण मिळतात. परंतु हे सूत्र भिंगाची प्रत, लेप आणि हाताची स्थिरता यांपैकी कशाचाच हिशेब धरत नाही, म्हणून केवळ त्याच्या भरवशावर निर्णय घेऊ नये. मचाणाच्या कठड्यावर कोपर टेकता येत असेल आणि समोर लांबलचक मक्याचे शेत असेल, तर दहा पटी घ्याव्यात. झाडीत बसणार असाल तर आठ.

पटींचा प्रश्न सुटला की पैसा कुठे जातो आणि कुठे जायला हवा, हे पाहता येते. भिंगाच्या प्रत्येक उघड्या पृष्ठभागावर, लेप नसेल तर, सुमारे चार टक्के प्रकाश परत फिरतो. दुर्बिणीच्या एका नळीत असे दहा पृष्ठभाग धरले तरी एक-तृतीयांश प्रकाश वाटेतच संपतो. चांगल्या बहुस्तरीय लेपामुळे हे नुकसान प्रत्येक पृष्ठभागाला अर्ध्या टक्क्याच्या आसपास येते आणि दहा पृष्ठभाग ओलांडूनही पंचाण्णव टक्के प्रकाश पुढे जातो. उजाडतानाच्या अर्ध्या तासात हाच फरक शिंग आणि काटकी यांतला फरक ठरतो. माहितीपत्रकात यासाठी चार शब्दप्रयोग येतात आणि ते मुद्दाम सारखे ठेवलेले वाटावेत इतके जवळचे आहेत: ‘कोटेड’, ‘फुली कोटेड’, ‘मल्टी-कोटेड’ आणि ‘फुली मल्टी-कोटेड’. पहिल्यात काही पृष्ठभागांवर एक थर असतो, शेवटच्यात सर्व पृष्ठभागांवर अनेक थर. आपल्याला फक्त चौथा चालेल.

यानंतर लोलक. दुर्बिणीच्या आत प्रतिमा सुलटी करण्यासाठी लोलक असतात, आणि त्यांच्या रचनेवरून दोन जाती पडतात. जुन्या, खांद्यांत रुंद दिसणाऱ्या दुर्बिणी पोरो जातीच्या, आणि सरळ नळ्यांच्या आटोपशीर दुर्बिणी रूफ जातीच्या. पोरो लोलकात प्रकाशाचे पूर्ण परावर्तन आपोआप होते, म्हणून कमी पैशांत त्यातून उत्तम चित्र मिळते. बहुतेक रूफ लोलकांत मात्र एका पृष्ठभागावर आरशासारखा लेप द्यावाच लागतो, आणि त्यांच्या छपरासारख्या कडेवर प्रकाशाचे दोन भाग होऊन त्यांच्या लहरींची जुळणी बिघडते, ज्यामुळे चित्राचा रेखीवपणा कमी होतो. पहिल्या दोषावर उपाय डायलेक्ट्रिक लेप आणि दुसऱ्यावर फेज करेक्शन लेप. हे दोन शब्द पत्रकात शोधावेत. दीडशे डॉलरच्या खालच्या रूफ दुर्बिणींत ते बहुधा गाळलेले असतात, आणि पत्रकात उल्लेख नसेल तर लेप नाही असेच समजावे. आपले अंदाजपत्रक शंभर डॉलरचे असते, तर मी निःसंकोच पोरो जातीची दुर्बीण सुचवली असती. दोनशे ते तीनशे डॉलरमध्ये मात्र हे दोन्ही लेप असलेली, पाण्यापासून सुरक्षित आणि छातीवर नीट बसणारी रूफ दुर्बीण मिळते, आणि शिकारीला तीच सोयीची पडते. कमी दराच्या दुर्बिणीची काच सर्वात आधी रंगांच्या बाबतीत कमी पडते. आकाशाच्या पार्श्वभूमीवरील काळ्या फांदीच्या कडेला जांभळी किनार दिसते, ती ईडी काचेमुळे, म्हणजे रंग कमी विखुरणाऱ्या खास काचेमुळे, पुष्कळ कमी होते. करड्या उजेडात या किनारीने फारसे अडत नाही, त्यामुळे ईडी काच मिळाली तर चांगलेच, पण तिच्यासाठी लेपांवर तडजोड करू नये.

चष्म्याचा मुद्दा आपण पत्रात एका शब्दात उरकला आहे, आणि माझ्या मते निवड प्रत्यक्षात त्याच्यावरच ठरेल. दुर्बिणीच्या भिंगापासून डोळा जास्तीत जास्त किती लांब असताना संपूर्ण चित्र दिसते, त्या अंतराला आय रिलीफ म्हणतात. चष्मा मध्ये आला की डोळा दूर जातो, म्हणून चष्मेकऱ्याने सोळा-सतरा मिलीमीटरच्या खाली जाऊ नये, अन्यथा कडेने काळे कडे दिसते आणि विकत घेतलेले दृष्टिक्षेत्र फुकट जाते. नंबर फक्त लघुदृष्टीचा किंवा दूरदृष्टीचा असेल तर चष्मा काढून दुर्बिणीच्या चाकाने तो भरून निघतो, पण तिरपा नंबर असेल तर निघत नाही. शिवाय शिकारीत आधी उघड्या डोळ्यांनी हालचाल टिपायची असते, तेव्हा चष्मा काढ-घाल करणे परवडत नाही. चष्मा ठेवूनच दुर्बीण निवडावी.

आता नावे घेऊन सांगतो. आपल्या तीनशे डॉलरमध्ये दोन दुर्बिणी माझ्या मनात आहेत. पहिली, वर उल्लेख आलेली व्होर्टेक्स डायमंडबॅक एचडी ८×४२. तिच्यात वरील तिन्ही लेप आहेत, आय रिलीफ १७ मिलीमीटर आहे, वजन सहाशे ग्रॅमच्या जरा वर आहे, किंमत साधारण सव्वादोनशे ते अडीचशे डॉलरच्या दरम्यान असते, आणि छातीवर बांधायचा हार्नेस खोक्यातच मिळतो. दुसरी, निकॉन मोनार्क एम५ ८×४२, किंमत तीनशेच्या आसपास. तिच्यात ईडी काच आहे आणि आय रिलीफ साडेएकोणीस मिलीमीटर, म्हणजे जाड चष्म्यालाही पुरेसा. पण तिचे दृष्टिक्षेत्र हजार यार्डांवर ३३५ फूट इतकेच आहे, म्हणजे आठ पटी घेऊनही रुंदी दहा पटींच्या डायमंडबॅकइतकीच मिळते. माझा कौल पहिलीला आहे. फक्त एका परिस्थितीत मी दुसरी घ्यायला सांगेन: आपला चष्मा लावून, डोळ्यांवरच्या वाट्या पूर्ण खाली फिरवून पाहिल्यावर डायमंडबॅकमध्ये वर्तुळाची कड दिसत नसेल तर. हे केवळ दुकानात उभे राहूनच कळेल.

व्होर्टेक्सच्या बाजूने आणखी एक कारण आहे, जे पैशाच्या दृष्टीने फार मोलाचे आहे. या कंपनीची हमी आयुष्यभराची आहे, पावती लागत नाही, आणि मालक बदलला तरी ती दुर्बिणीबरोबर जाते. हरवणे, चोरी, मुद्दाम केलेली मोडतोड आणि कामात अडथळा न आणणारे वरवरचे ओरखडे तिच्यात बसत नाहीत. त्यामुळे चांगल्या स्थितीतील वापरलेली दुर्बीण ओळखीच्या माणसाकडून घेतली तरी धोका कमी राहतो, आणि अडीचशेत याच कंपनीची वरच्या दर्जाची वापरलेली दुर्बीण मिळू शकते. इंटरनेटवरच्या अनोळखी विक्रेत्याकडून अर्ध्या किमतीत ‘नवी’ घेण्याचा मोह मात्र टाळावा. नकली माल फिरत असतो आणि त्याला अर्थातच हमी नसते. या कंपनीचे मुख्यालय बार्नवेल्डला, म्हणजे आपल्या घरापासून पश्चिमेला अर्ध्या-पाऊण तासावर आहे, ही आपल्या बाबतीत जमेची बाजू आहे. पाचशे, हजार किंवा ऑस्ट्रियाच्या स्वारोव्स्कीसारखी त्याहून कितीतरी महाग दुर्बीण अधिक चांगली असते यात शंका नाही, पण तो फरक चित्राच्या कडांमध्ये आणि उजेडाच्या शेवटच्या काही मिनिटांत दिसतो. पहिल्या हंगामाला त्याची गरज नाही. अंतर मोजणारी लेझर दुर्बीणही शंभर यार्डांच्या रानात अनावश्यक आहे.

दुकानात गेल्यावर दुर्बीण दाराबाहेरच्या उन्हाकडे रोखू नका. दुकानातला सर्वात अंधारा कोपरा, शक्यतो छताखालची तुळई किंवा लांबच्या फडताळावरची बारीक अक्षरे, यांच्याकडे पाहा आणि दोन्ही दुर्बिणी लागोपाठ लावून तुलना करा. डोळ्याकडच्या प्रकाशाच्या चकत्या अगदी गोल आहेत ना ते बघा. त्यांच्या कडा चौकोनी कापल्यासारख्या, करड्या दिसत असतील तर लोलक हलक्या काचेचा आहे. एखादी आडवी रेषा निवडून दुर्बीण डोळ्यांपासून हळूहळू वीतभर दूर न्या. दोन चकत्यांत ती रेषा वर-खाली तुटलेली दिसली तर नळ्या एकमेकींना समांतर नाहीत, आणि अशी दुर्बीण अर्ध्या तासात डोके दुखवते. मग हातमोजे घालून मधले चाक फिरवून बघा. स्वस्त दुर्बिणीतील वंगण कडाक्याच्या थंडीत घट्ट होते आणि चाक दोन बोटांना दाद देत नाही, म्हणून दुकानाच्या ऊबेत ते लोण्यासारखे फिरले तरी त्यावर समाधान मानू नये. विकत घेतल्यावर ती रात्रभर गाडीत ठेवून सकाळी पुन्हा तपासावी आणि परत करण्याची मुदत संपण्याआधीच निर्णय घ्यावा. थँक्सगिव्हिंगच्या, म्हणजे नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी येणाऱ्या सणाच्या, सवलतींची वाट पाहू नका, कारण बंदुकीचा नऊ दिवसांचा हंगाम त्या गुरुवारच्या आधीच्या शनिवारी सुरू होतो. ऑक्टोबरमध्येच दुर्बीण हातात असावी.

दुर्बीण घरी आली की आधी दोन्ही डोळ्यांतील फरक जुळवून घ्या. उजव्या नळीवर हात झाकून, दोन्ही डोळे उघडे ठेवून, डाव्या डोळ्याने मधल्या चाकाने एखादी फांदी स्पष्ट करा. मग डावी नळी झाकून उजव्या नेत्रभिंगाजवळचे कडे फिरवून तीच फांदी उजव्या डोळ्याला स्पष्ट करा. त्या कड्याची जागा लक्षात ठेवा, ती पुन्हा बदलावी लागत नाही. सराव अंगणात करता येतो. हालचाल टिपली की नजर तिथून न हलवता दुर्बीण डोळ्यांपर्यंत आणायची. पुष्कळ जण दुर्बिणीकडे बघत ती वर घेतात आणि मग रान धुंडाळत बसतात. पूर्ण हरीण शोधू नका. उभ्या खोडांच्या गर्दीत आडवी रेषा दिसली तर ती पाठ असू शकते. फडफडणारा कान, गळ्यावरचा पांढरा पट्टा, खोडाआडून पुढे आलेला पाय, असे तुकडेच आधी दिसतात. झाडीचा एक-एक पट्टा डावीकडून उजवीकडे सावकाश पाहावा आणि मग दुर्बीण खाली न घेता थोडा वेळ थांबावे, कारण उभे असलेले जनावर आपल्या नजरेमुळे नव्हे, तर त्याच्या स्वतःच्या हालचालीमुळे उमगते.

छातीवरच्या हार्नेसविषयी दोन गोष्टी ध्यानात ठेवा. त्याचे झाकण चर्र आवाज करणाऱ्या चिकटपट्टीचे असेल तर पहाटेच्या शांततेत तो आवाज हरणाला दुरून ऐकू जातो, म्हणून चुंबकाचे किंवा लवचीक फासाचे झाकण बघावे. दुसरे असे, की बंदुकीच्या हंगामात कमरेच्या वरच्या बाह्य कपड्यांचा निम्मा भाग झगझगीत नारिंगी किंवा गुलाबी असण्याचे बंधन विस्कॉन्सिनमध्ये आहे, आणि रानाच्या रंगाचा मोठा हार्नेस छातीवरचा नारिंगी भाग झाकून टाकतो. हरणाला नारिंगी रंग आपल्यासारखा भडक दिसत नाही, पण इतर शिकाऱ्यांना तो दिसलाच पाहिजे. लहान हार्नेस निवडावा.

थंडीत काचेवर धुके धरण्याची तक्रार सर्वांचीच असते. दुर्बिणीत भरलेला नायट्रोजन किंवा आर्गॉन आतल्या बाजूचे धुके रोखतो, बाहेरचे नाही. ऊब मिळावी म्हणून दुर्बीण कोटाच्या आत ठेवली तर बाहेर काढताच श्वासाच्या आणि घामाच्या वाफेने काच पांढरी होते, म्हणून ती बाहेरच्या थंडीतच राहू द्यावी आणि डोळ्यांना लावल्यावर श्वास खालच्या बाजूला सोडावा. संध्याकाळी केबिनमध्ये परतल्यावर ती पिशवीत बंद ठेवूनच हळूहळू गरम होऊ द्यावी. काच पुसण्यापूर्वी धूळ फुंकणीने किंवा मऊ कुंचल्याने झटकून घ्यावी. शर्टाच्या टोकाने पुसल्यास ज्या लेपांसाठी आपण पैसे मोजले तेच घासले जातात.

भिगवण आणि ताडोबाला हीच दुर्बीण उत्तम चालेल. उजनीच्या फुगवट्यात होडीतून रोहित पक्षी पाहताना होडी हलत असते, आणि ताडोबात जिप्सीचे इंजिन सुरू असते, त्यामुळे तिथेही दहापेक्षा आठ पटी जास्त कामाच्या ठरतात. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी असल्यामुळे तिथे दुर्बिणीचे काम फक्त पाहण्याचे आहे, आणि पाचेक फुटांवरही स्पष्ट दाखवणारी डायमंडबॅक एचडी फुलपाखरांनाही उपयोगी पडेल. विमानात ती हातसामानात ठेवावी. सामानाच्या आदळआपटीने नळ्यांची समांतरता बिघडली तर ती घरी दुरुस्त होत नाही.

ऑक्टोबरच्या एखाद्या संध्याकाळी मित्राला विचारून त्याच्या सासऱ्यांच्या शेतावर नुसती दुर्बीण घेऊन जा आणि ज्या मचाणावर बसणार आहात तिथूनच अंधार पडेपर्यंत पाहा. किती अंतरापर्यंत शिंग ओळखता येते आणि कोणत्या वेळेनंतर येत नाही, हे घड्याळात बघून ठेवा. हंगामात ती वेळ झाली की बंदूक रिकामी करून खाली उतरायचे, मग शिकारीची वेळ उरली असली तरीही.

आपला,
सल्ला सदर